कमानीच्या विटा

बोईसर,
मंगळवार, २३ नोव्हेंबर १९९३

प्रिय देवू,

परवा रविवारी तुझ्याकडे येऊन गेलो, पोटभर जेवलो, आणि आज लगेच हे पत्र, तेव्हा तुला नवल वाटेल. एकोणीस वर्षांच्या ओळखीत मी तुला कधी दोन ओळी लिहिल्या नाहीत. इकडे सगळे धडधाकट आहेत, काळजीचं कारण नाही. तू बांधून दिलेल्या नव्या तांदळाचा काल भात झाला. निघताना तू मला विचारलंस, की घरच्या भट्टीला विटा कुठून मिळाल्या, आणि मी "मिळाल्या कुठूनशा" म्हणून घाईने चपला घातल्या. एसटी चुकेल म्हणून मी गडबड केली असं तुला वाटलं असेल. एसटीला अजून पाऊण तास होता. तो मी फाट्यावर एकटा उभा राहून काढला. तेव्हा त्या विटा कुठून मिळाल्या, ते आज पहिल्यापासून सांगतो.

उषा मे महिन्यात नोकरी सोडून घरी आली, हे तुला सांगितलंच. मुंबईला स्वयंपाकाचा कोर्स केला, मग दोन वर्षं एका मोठ्या हॉटेलच्या मुदपाकखान्यात होती. आल्यावर म्हणाली, "बाबा, दुसऱ्याच्या भट्टीपुढे उभं राहायचा आता कंटाळा आला." तिला पिझ्झा करून विकायचा आहे. पिझ्झा म्हणजे मैद्याची फुगवलेली पोळी, तिच्यावर टोमॅटोची चटणी, वरून किसलेलं चीज, आणि ते सगळं कडक आगीत दोन-तीन मिनिटांत भाजायचं. अणुकेंद्राच्या कॉलनीत मुलांच्या वाढदिवसाला हल्ली हे मागतात म्हणे. घरच्या विजेच्या भट्टीत तिने करून पाहिला, तर पोळी चामड्यासारखी झाली. तिच्या हॉटेलात विटांची घुमटी होती, आत लाकडं जाळायची, घुमटी तापली की निखारे बाजूला सारून त्याच तळावर पोळी टाकायची. तिने मला वहीत चित्र काढून दाखवलं. मी पाहिलं आणि हसलो, कारण ती आपल्या मिलच्या लोखंड तापवायच्या भट्टीचीच धाकटी बहीण होती. खाली आग, वर कमान, आणि कमानीवरून उलटी येणारी ऊब. उषा म्हणाली, "आयुष्यभर लोकांच्या भट्ट्या बांधल्यात, मला एक एवढीशी बांधून द्या." मी म्हणालो, पंधरा दिवसांत देतो. आणि लागले सहा महिने.

बांधायला वेळ लागत नव्हता रे, विटाच मिळेनात. घराची लाल वीट अशा आगीला टिकत नाही, चार दिवसांत तिचे पापुद्रे निघतात आणि ते पिझ्झ्याला चिकटतात. भट्टीचीच वीट पाहिजे, पिवळट, ठोकली तर घंटेसारखी वाजणारी. पालघरला एक विक्रेता आहे, त्याच्याकडे गेलो. अडीचशे विटा पाहिजेत म्हटल्यावर त्याने मला बसवून चहा पाजला आणि सांगितलं, "मिस्त्री, ट्रक भरायचा असेल तर बोला, अडीचशेसाठी मी थप्पी फोडणार नाही." त्याच्याकडे सुट्या होत्या त्या हलक्या फुसक्या विटा, बाहेरून ऊब धरून ठेवायला ठीक, पण तळाला लावल्या तर नखानेसुद्धा खरवडल्या जातील. मग इथे बोईसरला एकाकडे काळ्या जड विटा निघाल्या. त्या आगीच्या बापालाही दाद देणार नाहीत अशा, पण त्यांच्यात जे काही मिसळलेलं असतं ते अन्नाखाली नको. त्यानंतर एका केमिकल फॅक्टरीत जुनी भट्टी पाडत होते. तिथल्या विटा दिसायला इतक्या सुरेख की मी जवळजवळ टेम्पो ठरवला होता. उषाच म्हणाली, एक घरी नेऊन तापवून बघू. चुलीत घातली, आणि अर्ध्या तासात असा उग्र दर्प सुटला की आम्ही तिघंही डोळे पुसत अंगणात आलो. कित्येक वर्षं औषधं पिऊन बसलेली वीट ती. दुसऱ्या दिवशी परत नेऊन टाकली.

ह्या सगळ्या फिरतीत उषा लुनावर माझ्यामागे बसून यायची. वीट डाव्या हातावर कशी तोलायची, हातोडी कुठे मारायची, आवाज बद्द आला तर आत चीर आहे हे कसं ओळखायचं, ते मी तिला शिकवलं. शिकवताना तुझी आठवण यायची. मी दुष्काळात बीडकडून इथे आलो तेव्हा मला फक्त वीट कळत होती, आग कळत नव्हती. ती तू दाखवलीस. भट्टीच्या भोकाला निळी काच लावून तू बघायचास आणि सांगायचास, आता चेरीसारखी लाल हाय, आता नारिंगी हाय, आता पांढरी व्हाया लागली. साहेबांचं उष्णता मोजायचं काट्याचं यंत्र तुझ्यानंतर पंधरा मिनिटांनी तेच बोलायचं. मी भट्टी बांधायची आणि तू चालवायची, अशी आपली आठ वर्षं गेली. रविवारी तू आमच्याकडे यायचास. एकदा उषाला खांद्यावर बसवून शिरगावच्या किल्ल्यावर चढवलंस, आणि वरून समुद्र पाहून ती ओरडली की हे पाणी पुसून कोण टाकणार. ते इंदू अजून लेकीला ऐकवते. उषाला तू चांगला आठवतोस. मात्र तू बोईसर का सोडलंस हे तिला आम्ही कधी नीट सांगितलं नव्हतं. अपघात झाला, एवढंच.

आपली मिल बंद पडून आता दोन वर्षं झाली. गेटवर झुंबर नावाचा वॉचमन आहे, माझ्याच जिल्ह्यातला. सप्टेंबरात तो बाजारात भेटला आणि म्हणाला, "मिस्त्री, लोखंड सगळं भंगारवाल्याने नेलं, आता भट्टी पाडलीय. विटांचा ढीग वाटेत पडलाय. तुम्हाला पाहिजे तेवढ्या उचला, मालकाच्या माणसाला विचारलंय मी." मी त्याला हो म्हणालो आणि घरी उषाला सांगितलं, की त्या जुन्या विटा काही कामाच्या नाहीत. पुढचे पंधरा दिवस मी वेगवेगळी कारणं काढली. पाऊस आहे, टेम्पो नाही, पाय दुखतो. शेवटी ती एकटी गेली आणि पिशवीत घालून एक वीट घेऊन आली. बाजूच्या भिंतीतली होती. मी ठोकली. खणखणीत वाजली. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मला टेम्पो ठरवावा लागला.

तू मिल सोडल्यावर तिथे गेला नाहीस, म्हणून सांगतो. शेडचे पत्रे निघालेत, आत माणूसभर गवत उगवलंय. भट्टी होती तिथे नुसता चौथरा आहे. भिंतीच्या विटा मी एकोणऐंशी साली लावलेल्या. मिल बंद पडेपर्यंत बारा वर्षं आगीत राहून त्यांचे कोपरेसुद्धा झडले नव्हते. आम्ही दोघांनी दोनशेच्या वर निवडल्या, माती खरवडून एका बाजूला रचल्या. भिंतींचं आणि तळाचं काम भागलं. आता फक्त घुमटीच्या विटा पाहिजे होत्या, पाचरीच्या आकाराच्या, एका अंगाला निमुळत्या. मी म्हणत होतो की सरळ विटाच कापून घेऊ. तेवढ्यात उषा शेडच्या मागे गेली आणि कुंपणाच्या भिंतीकडून तिची हाक आली, "बाबा, इथे आणखी एक ढीग आहे. निमुळत्या विटा आहेत, आणि ह्यातल्या बऱ्याच तर कोऱ्याच दिसतायत."

देवू, तो ढीग कसला ते मला बघायला जावं लागलं नाही. तरी गेलो. वर वेली चढल्या होत्या. वरच्या विटा उरलेल्या मालातल्या, कधी न लावलेल्या. त्यांच्या खाली कमानीच्या पडलेल्या विटा, वितळून एकमेकींना चिकटलेले गोळे, खालच्या अंगाला काचेसारखे ओघळ आलेले. उषा खूश होती. तिला पाहिजे तो आकार आयता मिळाला होता. मी म्हणालो, ह्या नकोत. ती म्हणाली, का नकोत, ह्यांना तर आग लागलेलीच नाही. मी एक कोरी वीट उचलली आणि दुसरीवर आपटून फोडली. वरून अर्धं बोट पिवळट, आणि आत घराच्या विटेसारखी लालभडक. तिने ते दोन तुकडे हातात घेऊन उलटेसुलटे केले आणि म्हणाली, "ही तर साधी वीट आहे, वरून रंग फासल्यासारखी. अशी वीट मिलच्या भट्टीला लावायला कोण गाढव तयार झाला?" मी म्हणालो, "मी."

आता पुढचं नीट लिहितो. फेब्रुवारी ब्याऐंशीमध्ये आपण भट्टीची कमान नवी केली, त्या वेळी विटांचा नवा माल आला होता. तो मी उतरवून घेतला. हाताला हलका लागला म्हणून एक वीट फोडून पाहिली आणि उषाने जे पाहिलं तेच मी तेव्हा पाहिलं. ते तुकडे घेऊन मी मॅनेजरसाहेबांकडे गेलो. त्यांनी तुकड्यांकडे पाहिलं, टेबलावर ठेवले आणि विचारलं, "मिस्त्री, तुम्ही अजून टेम्पररीच आहात ना?" मी हो म्हणालो. ते म्हणाले, "सोमवारी आग पेटली पाहिजे. एक मोसम काढतील ह्या विटा. पुढच्या वेळी चांगल्या मागवू." मी तुकडे उचलले आणि बाहेर आलो. चार दिवसांत कमान बांधली. ओळंब्यात बांधली, सांधे बारीक ठेवले, माझ्या हातात जेवढं चांगलं करण्यासारखं होतं तेवढं केलं. आणि तुला सांगितलं नाही. तुला सांगितलं असतं तर तू आग लावायला नकार दिला असतास, हे मला माहीत होतं.

मग तू तीन दिवस आग वाढवलीस. मी तिथेच होतो, कारण मला धीर नव्हता. पहिला दिवस तू नुसती लाकडं जाळलीस. दुसऱ्या दिवशी फोरमन दोनदा आला आणि तेल सोड म्हणाला, तेव्हा तू त्याला म्हणालास, "साएब, भट्टी अजून रडते हाय, पाणी हाय तिच्यात. आता ताव दिला तं फुटल." तू त्याचं ऐकलं नाहीस. तिसऱ्या दिवशी दुपारनंतर तेल सोडलंस, तेही अगदी बारीक धारेने. ताडीचंही लिहितो. ती तू त्याच संध्याकाळी पाळी संपल्यावर प्यायलास, माझ्याबरोबर, एक पेला. मी तीन प्यायलो होतो. चौथ्या दिवशी सकाळी दहाला भट्टी पांढरी झाली आणि लाल विटा मेणासारख्या वाकल्या. तू दारापाशी गज घालून उभा होतास. कमान आत पडली आणि ज्वाळा दारातून बाहेर आली. तुझा उजवा हात आणि गाल. तुला उचलून जीपमध्ये घालणाऱ्यांत मीही होतो. तू शुद्धीत होतास आणि मला विचारत होतास, "भगवंता, काय चुकलं रं माझं?"

तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. बारा दिवसांनी चौकशी बसली. तू हात बांधलेला, एका बाजूला बाकावर. फोरमनने सांगितलं की तुझ्या तोंडाला ताडीचा वास होता. मग मला पुढे बोलावलं. साहेबांनी विचारलं, विटा कशा होत्या? मी म्हणालो, चांगल्या होत्या साहेब. कमान कशी होती? बरोबर होती साहेब. मग पडली कशी? मी म्हणालो, आग घाईने वाढली असेल तर पडते. 'असेल तर' हे मी माझ्या जिवाच्या समाधानासाठी घातलं होतं. कागदावर ते राहिलं नाही. कागदावर उतरलं की भट्टीवाला नशेत होता आणि त्याने आग घाईने वाढवली. तू माझ्याकडे एकदा बघितलंस, मग खाली बघितलंस. उजवा हात बांधलेला होता म्हणून तुझ्या डाव्या हाताचा अंगठा घेतला. तुला काढून टाकलं. जूनमध्ये मी कायम झालो. नंतर तू दोन-तीन कारखान्यांच्या गेटवर गेलास आणि सगळीकडे 'भट्टी पाडली तो हाच' म्हणून तुला परत पाठवलं, तेही मला कळत होतं. मी तुला भेटायला येत राहिलो, वर्षातून एकदा-दोनदा, मंगळीला कपडा, तिच्या आईला साखर-चहा असं काहीबाही घेऊन. तू म्हणायचास, भगवंताने माणुसकी सोडली नाही. ते मी ऐकून घ्यायचो.

हे सगळं मी उषाला त्या ढिगाजवळ सांगितलं. ती खालीच बसली होती. शेवटी विचारलं, "देवूकाकाला हे माहीत आहे?" मी नाही म्हणालो. ती उठली, हात झटकले आणि आम्ही निवडलेल्या विटा टेम्पोत भरायला लागली. त्यानंतर दीड महिना आम्ही दोघांनी मिळून भट्टी बांधली. तळ केला, भिंती उचलल्या, सरळ विटा घासून घासून निमुळत्या केल्या, लाकडाच्या साच्यावर घुमटी चढवली. ती माझ्याशी विटांपुरतं बोलायची. ही घ्या, इथे भरा, थोडी माती जास्त झाली. घरात जेवताना समोर बसायची नाही. मागच्या गुरुवारी शेवटची वीट बसवून आम्ही साचा काढला. घुमटी जागची हलली नाही. मला वाटलं आता तरी ती हसेल. ती हात धुऊन आली आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही सांगेपर्यंत मी भट्टी पेटवणार नाही, असलं काही मी म्हणणार नाही. भट्टीचा त्यात काय दोष. पण तुम्ही जाऊन सांगून या. मला त्या काकांच्या डोळ्यांसमोर कधीतरी जावं लागेल."

म्हणून मी रविवारी आलो होतो. मनोरपर्यंत एसटीत वाक्य पाठ करत होतो. पाड्यावर पोचलो तेव्हा तू खळ्यात डाव्या हाताने पेंढा सारत होतास. मला पाहून तू हाक मारलीस ती ऐकून माझं पाठ केलेलं निम्मं गळून पडलं. मंगळी आश्रमशाळेत होती, घरात तू आणि बुधी, दोघंच. म्हटलं, बरं झालं, जेवण होऊ दे, मग सांगू. बुधीने नागलीची भाकर आणि सुकटीचं कालवण वाढलं. वाढता वाढता ती म्हणाली, "भाऊ, पुढल्या सोमवारी मुकादमाचा ट्रक येल, मी वीटभट्टीवर जाते हाय. आता होळीलाच घरी. ह्याचा हात धड अस्ता तं मला कशाला जावं लागलं अस्तं? एका दिसाच्या ताडीनं आमची अकरा वरसं खाल्ली." ती रागाने बोलली नाही. पाऊस यंदा बरा झाला म्हणतात तशी बोलली. आणि तू मान हलवलीस. म्हणालास, "खरं हाय तिचं."

माझ्या तोंडात घास होता. तो मी गिळला आणि आता बोलायचंच म्हणून तुझ्याकडे बघितलं. तेवढ्यात तू भट्टीचं विचारलंस. किती हात रुंद, धूर कुठून काढला, तळाला काय घातलं. तुझे डोळे मिलमध्ये चमकायचे तसे चमकले. मी सांगत गेलो. ऐकून झाल्यावर तू म्हणालास, "भगवंता, पैली आग हळू दे. चार-पाच दिस नुसता धूर होऊ दे. माती सुकू दे. मी घाई केली, तू नको करू." देवू, तू घाई केली नव्हतीस. फोरमन डोक्यावर उभा असताना केली नव्हतीस. आम्ही कागदावर लिहिलं, आणि अकरा वर्षांत ते तुझ्या मनानेसुद्धा घेतलं. मला वाटत होतं की तुला आतून माहीत आहे, तू बोलत नाहीस एवढंच. परवा कळलं की तू स्वतःलाच दोषी धरून जगतो आहेस. मग माझ्याच्याने तिथे बसवेना. तू विटांचं विचारलंस आणि मी चपला घातल्या.

घरी आल्यावर मी इंदूला सांगितलं. उषाला सांगितलेलं तिला माहीत नव्हतं. आज सकाळी चहा ठेवताना ती म्हणाली, "बुधीच्या समोर मी आता कोणत्या तोंडाने उभी राहू?" काल युनियनच्या जुन्या सेक्रेटरीकडे जाऊन मी माझ्या हाताने निवेदन लिहून दिलं, विटा कशा होत्या, मी काय पाहिलं आणि चौकशीत काय खोटं बोललो ते सगळं. त्याने वाचलं, चष्मा काढला, म्हणाला, बंद मिलवर आता काय करता येईल ते बघावं लागेल, आशा धरू नका. एक प्रत ह्या पाकिटात आहे, माझ्या सहीची. ती तुम्ही तिघं जपून ठेवा. पुढे ज्या गेटवर, ज्या चारचौघांत कोणी तुझं नाव काढेल तिथे दाखवा. भट्टीत उषा शुक्रवारपासून रोज थोडा पालापाचोळा आणि बारीक काटक्या जाळते आहे. दाराच्या डाव्या अंगाला केसाएवढी एक चीर आली, पण ती मातीत आहे, विटेत नाही. तू सांगितलंस तसं आणखी दोन-तीन दिवस असंच चालेल.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगतो. तुला वाचता येत नाही. पोस्टमन हे बुधवारी-गुरुवारी आणून देईल आणि मंगळी शनिवारी शाळेतून येईपर्यंत ते तसंच पडून राहील, हे मला माहीत आहे. तोंडी सांगायला मी पुन्हा येऊ शकलो असतो. पण तुला मी ओळखतो. तू मला बाजूला नेलं असतंस, ऐकून घेतलं असतंस, "जाऊ दे भगवंता" म्हणाला असतास, आणि माझी लाज राखायला ते पोटात ठेवलं असतंस. बुधी सोमवारी ट्रकमध्ये चढताना तेच म्हणत गेली असती, आणि तू मान हलवली असतीस. ते मला नको आहे. म्हणून हे तुझ्या कानात न सांगता तुझ्या मुलीच्या तोंडी दिलं आहे. मी रविवारी सकाळच्या एसटीने येतो. मला घरात घ्यायचं की अंगणातूनच परत पाठवायचं ते तुम्ही तिघांनी ठरवा. मंगळी, पोरी, तू इथवर बहुतेक हळूच वाचलं असशील. आता बाहेर ये. आईला बोलव, काम टाकून ये म्हणावं. शेजारपाजारचे जे कोणी असतील त्यांनाही बोलव. तुझ्या बापाला मध्ये बसव, आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाच, सगळ्यांना ऐकू जाईल असं, मोठ्याने. तो नको म्हणेल, तरी थांबू नकोस.

तुझाच,
भगवंत